पंपवाल्याची झर

सुर्ल्यात येऊन कुणी शंभू गवसाचं घर विचारलं असतं, तर लोकांनी एकमेकांकडे बघितलं असतं. 'पंपाचो शंभू' म्हटलं, की मात्र दुकानदारसुद्धा तराजू खाली ठेवून बाहेर येई आणि बोट करून दाखवी.

शंभू मूळचा दोडामार्गाच्या वरच्या अंगाचा. गोवा मुक्त होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, डिचोलीतल्या खाणी भरात होत्या, आणि त्याच्या वाडीतली तरणी माणसं एकामागून एक ट्रकांच्या पाठीवर बसून खाली उतरत होती. एकोणिसाव्या वर्षी तोही उतरला. आधी पाट्या टाकल्या, मग ट्रकावर क्लिनर झाला, आणि शहात्तर साली एका फोरमनने त्याला खड्ड्यातल्या नव्या पंपावर बसवलं. खनिज काढायचं तर खड्डा खोल जाणार, खोल गेला की बाजूंनी पाणी फुटणार, आणि ते उपसलं नाही तर खाली उतरलेली यंत्रं बुडणार. सतरा वर्षं शंभूने ते पाणी उपसलं.

शिक्षण चौथीपर्यंतचं. पण नुसत्या आवाजावरून तो सांगे, की खाली पाणी किती राहिलंय आणि गाळ किती येतोय. खड्ड्याच्या भिंतीवर ओल दिसली की तळहात टेकवून म्हणे, "उद्या हयसून फुटतला," आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच फुटे. इंजिनियर लोक त्याला विचारून यंत्रं हलवत.

त्र्याण्णव साली त्या खड्ड्यातलं खनिज संपलं. पंप बंद झाला आणि शंभूला वर्कशॉपात घेतलं. तिथे शनिवारी अर्धा दिवस, रविवारी सुट्टी. आयुष्यात पहिल्यांदाच सलग दीड दिवस हाताशी आला, आणि त्याचं करायचं काय हे त्याला कळेना. त्याच्या बायकोला, शेवंतीला मात्र कळत होतं. वीस वर्षं ती कामगारांच्या चाळीतल्या एका खोलीत राहिली होती. दाराशी पत्र्याच्या डब्यात तुळस, दुसऱ्या डब्यात मिरची, एवढीच तिची शेती.

"जमनीत पाय रोवून काय तरी लावूक व्हया," ती म्हणे. "डब्यात लावलेला डब्याएवढाच वाढता."

सुर्ल्याच्या डोंगराखाली गुरुदास नावाच्या गृहस्थाचं जुनं घर आणि त्यामागे कुळागर होतं. गुरुदास डिचोलीला सरकारी नोकरीत, तिथेच स्थायिक झालेला. कुळागर म्हणायचं ते सवयीने. एके काळी तिथे पोफळींच्या रांगा होत्या, पोफळींवर मिरवेली, मध्ये केळी, आणि या सगळ्यांना पाणी पाजणारी डोंगराच्या पायथ्याची झर. झर आटली, पोफळी शेंड्याकडून वाळत गेल्या, आणि पावसाळ्यात वरच्या खाणीतल्या मातीच्या ढिगांवरून वाहून आलेला तांबडा गाळ सगळीकडे कमरेएवढा साचला. विकायला काढून सहा वर्षं झाली तरी गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. शंभूने ते घेतलं. गुरुदासानेच त्याला दोनदा विचारलं, "तुला नीट ठाऊक आहे ना, इथे पाणी नाही ते?"

"पाण्याचा मी बघतंय," शंभू म्हणाला. आपण असं का म्हणालो, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

सत्त्याण्णवच्या फाल्गुनात, शिगम्याचे ढोल थांबल्यावरच्या पहिल्या शनिवारी, दुपारचं जेवण उरकून दोघं मागच्या बाजूला उतरली. शंभूकडे कोयता आणि कुदळ, शेवंतीच्या हातात पाटी. रानमोडीची झुडपं माणसाच्या डोक्याइतकी उंच झाली होती. तोडायला लागल्यावर एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. नागाची अख्खी कात मिळाली. गाळात मानेपर्यंत रुतलेली चिनीमातीची बरणी मिळाली आणि आत चक्क मीठ होतं, दगड झालेलं. आणि रविवारी सकाळी एका मेलेल्या पोफळीच्या बुंध्याशी शेवंतीला वीतभर लांबीची मिरवेल दिसली. चार पानं, पण पानं हिरवी. ती कितीतरी वेळ तिच्यासमोर उकिडवी बसून राहिली. मग घरून तांब्याभर पाणी आणून तिने ते थेंबथेंब मुळाशी सोडलं.

खालच्या बाजूला दगडी गडग्यापलीकडे कृष्णनाथ नावाच्या वृद्ध शेजाऱ्याची जमीन होती. कृष्णनाथ सत्तरीचा, सुर्ल्याच्या जुन्या शेतकरी घरातला. त्याचं कुळागरही त्याच झरीवर चालायचं आणि तिच्याबरोबरच संपलं होतं. दीड दिवस तो गडग्याआडून नुसता बघत होता. शेवटी शंभूनेच हाक मारली.

"कृष्णनाथबाब, ही झर कधी आटली?"

"अठ्ठ्याहत्तरात," कृष्णनाथ लगेच म्हणाला. "सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात करंगळीएवढी झाली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात थांबली. पाऊस दोन्ही वर्षी बरा होता."

एवढं बोलून तो वळून गेला. शंभू कुदळीवर हात टेकून तसाच उभा राहिला. शहात्तर साली डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, नारळ फोडून झाल्यावर, पंपाचं बटण त्याने स्वतः दाबलं होतं. खड्ड्याच्या या बाजूच्या, पायऱ्यांसारख्या उतरत्या भिंतीत, तिसऱ्या टप्प्यावर, दंडाएवढी धार फुटली होती, तीही त्याला आठवली. ऐन मे महिन्यात तिचं पाणी बर्फासारखं गार असे. कामगार तिथेच तोंड धुवत. सतरा वर्षं ज्या पाण्याने त्याने तोंड धुतलं, ते या बागेचं पाणी होतं.

दुपारी त्याने ताटातला भात निम्मा ठेवला. शेवंतीने विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. तिने आपलंही ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मगे आता ता पाणी खंय गेला?"

हा प्रश्न शंभूच्या डोक्यात आठवडाभर फिरत राहिला.

पुढच्या शनिवारी वर्कशॉप सुटल्यावर तो घरी न येता बंद खड्ड्याच्या कडेला गेला. चार पावसाळ्यांत खड्ड्याचा तलाव झाला होता. त्याने वरून टप्पे मोजले. पहिला दिसत होता. दुसऱ्याची कड पाण्याबाहेर जेमतेम हातभर. तिसरा कुठेच नव्हता. जिथून ती गार धार फुटायची, ती जागा आता दोन पुरुष पाण्याखाली होती. शंभू कड्यावर बसला आणि त्याने मनाशी जोडून बघितलं. पाण्याला इकडची वाट सोपी होती, म्हणून ते इकडे आलं. आता इकडे वाट नाही, पाण्याचाच दाब आहे. तेव्हा ते आपल्या जुन्या वाटेला परत फिरलं असणार. ती वाट बागेतून बाहेर पडत नसेल, तर तोंडावरच्या गाळामुळे पडत नसेल.

घरी परतला तो जवळजवळ धावतच. आल्या आल्या त्याने डोंगराच्या बाजूला, जिथे नेच्याची चार हिरवी झुडपं दिसत होती, तिथे कुदळ घातली. शनिवारचा उजेड संपेपर्यंत आणि रविवारी दुपारपर्यंत खणून छातीएवढा खड्डा केला. खाली निघाला कोरडा ठणठणीत कातळ. नेचा जगला होता तो मोठ्या दगडाच्या सावलीवर आणि दवावर. पाणी तिथे कधी नव्हतंच.

शेवंती मात्र रिकामी बसली नव्हती. मिरवेलीच्या आसपासचा गाळ ओढताना तिची कुदळ चिऱ्यावर वाजली. एका चिऱ्याला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा. गाळाने भरलेला जुना पाट होता तो, चांगला हातभर रुंद, बसवणाऱ्याने उतार नेमका साधलेला. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो तीस पावलं मोकळा केला. खालच्या टोकाला तो कृष्णनाथच्या गडग्यापाशी थांबत होता. तिथे कुणीतरी दगड-माती रचून तो बंद केला होता. वरचं टोक डोंगराकडे जात गाळाच्या ढिगाखाली शिरत होतं.

शंभू हातपाय धुऊन कृष्णनाथच्या दारात गेला. म्हातारा ओसरीवर सुपाऱ्या कातरत बसला होता, बाजारातून आणलेल्या.

"एक सांगूचा होता," शंभू उभ्यानेच म्हणाला. "डोंगरापलीकडचो तो पंप मी चालवत होतंय. पयल्या दिवसापासून."

कृष्णनाथने अडकित्ता खाली ठेवला. "ठाऊक आहे. सगळा गाव तुला पंपाचो म्हणतो, मला ठाऊक नसेल?"

"मगे इतके दिवस बोललात कसे नाय?"

"काय बोलू? तू बटण दाबलं नसतंस तर दुसऱ्याने दाबलं असतं, हे मलाही कळतं. पण तुझ्याशी बोलायला लागलो असतो, तर राग धरायला समोर माणूस कोण उरला असता?" त्याने सुपाऱ्या बाजूला सारल्या. "बस."

शंभू बसला. त्याने खड्ड्यातलं पाणी, तिसरा टप्पा, जुनी वाट, सगळं सांगितलं. कृष्णनाथने शांतपणे ऐकून घेतलं.

"झरीचं मूळ कुठे होतं म्हणून विचारशील, तर तिथे मोठा आंबा होता आणि आंब्याच्या मुळाशी पाणी साठायला चिऱ्याची दोण. आंबा पडला, वरून गाळ आला, आता मला स्वतःला जागा दाखवता येणार नाही. आणि खरं सांगू? पाणी येणार नाही, शंभू. पाटाच्या तोंडाला बांध मीच घातला, तुमच्याकडचा गाळ माझ्याकडे येऊ नये म्हणून. तो तसाच राहू दे."

तिसऱ्या शनिवारी शंभूच्या मनात पाट धरून ढिगात शिरायचं होतं. पण ढीग वीस पावलं रुंद, पुरुषभर उंच. दोन माणसांनी तो उपसायचा म्हटला तर मिरगाचा पाऊस आला असता. शंभू ढिगाभोवती फेऱ्या मारत राहिला. तळहात टेकवून बघे, पहार मारून आवाज ऐके. खड्ड्याच्या भिंतीशी चालणारी त्याची विद्या या मऊ गाळात चालेना.

"जरा हय येवा," शेवंतीने हाक मारली.

ढिगाच्या डाव्या अंगाला, पायथ्याशी, ती गुडघ्यांवर बसली होती. तिच्यासमोर मुठीएवढं भोक होतं आणि भोकाच्या तोंडाशी मातीच्या गोळ्या.

"कुर्लेचा बीळ," ती म्हणाली.

"बरा मगे. सांजेक कालवण कर."

"कालवणाचा नाय सांगणंय. ही माती बघा." तिने एक गोळी चिमटीत धरून दाबली. ती ओली होती. "आज सकाळची. फाल्गुनात सगळा सुकला म्हणान कुर्ली पाण्याच्या मागसून खाली जाता, पण पाणी सोडणा नाय. आमच्या व्हाळार मी दहा वर्षांची असल्यापासून कुर्ले धरलेले आसत. बिळात हात घातलो की पाणी हातभरार, नायतर दीड हातार."

शंभूने तिच्याकडे बघितलं. मग शर्टाची बाही वर करून त्याने खांद्यापर्यंत हात बिळात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटं तांबड्या चिखलाने भरली होती, आणि तर्जनीला कुर्लीच्या नांगीचा चावा होता. तो हसायला लागला. शेवंतीला वाटलं, याला फार लागलं.

त्या संध्याकाळी आणि रविवारी उजाडल्यापासून दोघं त्या एकाच जागी खणत राहिली. दहाच्या सुमारास चिऱ्याची घडीव कड लागली, गोलसर. कृष्णनाथने सांगितलेली दोण. दोणीच्या मागे डोंगरात शिरणारी हातभर उंचीची पोकळी होती आणि ती विटेसारख्या घट्ट गाळाने बुजलेली. शेवंती कुदळ उगारणार, तोच शंभूने तिचा हात धरला.

"कुदळ नको. हातान काढलो तर वरची भिंत बसात. गाळ पाण्यानच काढूचो."

त्याने वर्कशॉपातून भंगारातला हातभर लोखंडी पाइप मागून आणला होता. तो पहारीने ठोकत ठोकत पोकळीच्या मध्यावर आत घातला. पाइप जाता जाता एकदम सैल झाला. शंभूने हात काढले आणि तो मागे येऊन बसला.

"आता?" शेवंतीने विचारलं.

"आता थांबूचा."

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराकडून घेतलेले उंडे होते, चवळीची भाजी होती, थर्मासात चहा. ती दोघं दोणीसमोर बसून जेवली. पाइपातून काहीच आलं नाही. मग एक थेंब आला. मग बराच वेळ काही नाही. शेवंती पाटी उचलून उठली, तेव्हा पाइपातून गुळण्या केल्यासारखा आवाज झाला. शंभूने सतरा वर्षं तो आवाज ऐकला होता. तिचा हात ओढून तो बाजूला सरला, आणि पुढच्या क्षणी पाइप दोणीवरून उडून चार हातांवर जाऊन पडला. त्याच्या मागून तांबडं, घट्ट, लापशीसारखं पाणी आलं, मग पातळ आलं, मग धबाधबा आलं. दोण भरली, दोणीच्या खाचेतून उतरून पाण्याने पाट धरला. शेवंती चिखलात बसकण मारून रडत होती आणि हसत होती. शंभू पाटाबरोबर चालू लागला, मग पळू लागला, पाण्याच्या पुढे पुढे, काटक्या आणि पाचोळा बाजूला सारत.

पाणी कृष्णनाथच्या बांधापाशी येऊन अडलं आणि तुंबू लागलं. शंभूने वर बघितलं तर पलीकडे कृष्णनाथ उभा होता. आवाज ऐकून आला होता, आणि त्याच्या हातात कुदळ होती.

"तांबडं आहे," तो म्हणाला.

"पोटातलो गाळ आसा. दोन-तीन तास जातले."

"मग थांबू."

गडग्याच्या अलीकडे शंभू, पलीकडे कृष्णनाथ. शंभूने बाजूची माती ओढून तांबडं पाणी तेवढं ओहोळाकडे वळवलं. तीन वाजता पाणी विटकरी होतं. चार वाजता चहासारखं. साडेपाचच्या उन्हात पाटाच्या तळाचे चिरे दिसू लागले, त्यांच्यावरच्या टाकीच्या खुणांसकट. कृष्णनाथने वाकून ओंजळ भरली, पाणी तोंडात घेतलं, आणि डोळे मिटून घोळवत राहिला. मग गिळलं.

"तेच आहे," तो म्हणाला.

मग त्याने धोतर खोचलं आणि वीस वर्षांपूर्वी आपण घातलेला बांध कुदळीने फोडला. शंभू मदतीला पुढे झाला, तर त्याने हातानेच थांबवलं. सगळे दगड त्याने एकट्याने काढले, आणि पाणी त्याच्या जमिनीत शिरलं तेव्हा तो त्याच्याबरोबर आत निघून गेला, मागे न बघता. अर्ध्या तासाने त्याची सून केळीच्या पानावर गूळ आणि खोबरं घेऊन आली. "मामांनी दिलंय," म्हणाली. "ते अजून पाटापाशीच बसलेत."

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी शंभूने दोणीखाली बाल्दी धरून मोजलं. बारा म्हणेपर्यंत बाल्दी भरली. मे महिन्याच्या शेवटी पुन्हा मोजलं, तेव्हाही तेराच्या वर गेलं नाही. खालच्या पाच कुळागरांचे मालक एकेक करून येऊन झर बघून गेले, आणि चैत्रातले उरलेले सगळे रविवार त्यांनी आपापल्या हद्दीतला पाट मोकळा करण्यात घातले. गुरुदास मिरग लागण्याच्या आधी आला. बराच वेळ दोणीच्या कडेवर बसून पाय पाण्यात सोडून राहिला. विकल्याचं वाईट वाटतं का, असं शेवंतीने त्याला भीतभीतच विचारलं. तो म्हणाला, "वाटतं. पण माझ्याकडे असती तर ती अजून गाळाखालीच असती." जाताना पोफळीची पन्नास रोपं पाठवून देतो म्हणाला, आणि साठ पाठवली.

पुढे शंभूला बोलावणी येऊ लागली. पाळीहून आली, शिरगावाहून आली. कुणाची बाय, म्हणजे विहीर, आटलेली, कुणाची झर बुजलेली. तो रविवारी जाई, आणि जाताना शेवंतीला बरोबर नेई. तो डोंगर बघे, आसपासचे खड्डे चालू आहेत की बंद, ते विचारी. ती जमिनीकडे बघत फिरे. अकरा ठिकाणी ती दोघं गेली आणि सहा ठिकाणी पाणी लागलं. जिथे पलीकडे पंप चालू होता तिथे शंभू सरळ सांगे, "हय खणू नका. अजून वाट नाय झाली." याबद्दल त्याने कधी कुणाकडून काही घेतलं नाही. शिरगावकरांनी मात्र फणस इतके दिले, की बसवाल्याने दोघांना मागच्या सीटवर बसवलं.

ती वीतभर मिरवेल चौथ्या वर्षी शेजारच्या नव्या पोफळीच्या शेंड्यापर्यंत पोचली होती आणि तिच्या फांद्यांपासून केलेल्या आणखी तीस वेली रांगेत चढत होत्या. त्या वर्षी माघात शेवंतीने पहिल्यांदा मिरी वाळवली, केळीचे दोन घड उतरवले, पाटाकडेच्या अळूच्या जुड्या बांधल्या आणि बुधवारी डिचोलीच्या बाजारात जाऊन बसली. जागा कुठली धरायची हेही तिला ठाऊक नव्हतं. मयेहून आलेल्या एका बाईने सरकून तिला जागा दिली आणि मिरीचे दाणे तळहातावर घेऊन विचारलं, "खंयच्या कुळागरातली?"

"सुर्ल्याची," शेवंती म्हणाली. "आमचीच."

बारा वाजेपर्यंत पाटी रिकामी झाली. शंभू बसस्टँडवर वाट बघत होता. ती तडक तिकडे न जाता आधी रोपवाल्याकडे गेली, बराच वेळ उलटसुलट बघून जायफळाची दोन रोपं निवडली, आणि डोक्यावरच्या पाटीत ती उभी करून, पानांना ऊन लागू नये म्हणून पदर वर धरून चालू लागली.